बदली जाईल

हे गेले त्या सकाळी गार्गीने मला विचारलं, "आजी, धोंडिराम कोण?"

ती सुबोधच्या मोबाइलवरचा मेसेज वाचत होती. सुबोध माझा मुलगा, गार्गी त्याची मुलगी. नऊ वर्षांची आहे. तिला मराठी वाचायला मीच शिकवलं, त्यामुळे दिसेल ते मोठ्याने वाचायची सवय तिला लागली आहे.

"'आमचे वडील श्री. धोंडिराम सखाराम परब यांचे आज पहाटे दुःखद निधन झाले. अंत्ययात्रा दुपारी तीन वाजता राहत्या घरून निघेल. शोकाकुल, परब परिवार.' आणि खाली आपला मुलुंडचा पत्ता आहे."

"धोंडिराम म्हणजे तुझे आजोबा."

"आजोबांचं नाव बदली आहे."

मी तिला जवळ बसवलं आणि समजावून सांगितलं. आजोबांच्या आधी तीन भावंडं झाली होती आणि तिन्ही पाळण्यातच गेली. म्हणून त्यांच्या आईने चौथ्याचं नाव दगडावरून ठेवलं. धोंडा म्हणजे दगड. यमाला वाटावं, हा काय, दगड आहे, ह्याला कशाला न्यायचं.

"मग नेलं नाही?"

"बहात्तर वर्षं नाही नेलं."

"आणि बदली कशावरून?"

"गिरणीत कायमचा कामगार आला नाही, तर त्याच्या जागी उभं राहायला माणूस लागायचा. अशी माणसं रोज सकाळी गिरणीच्या दाराशी थांबायची. कोणी गैरहजर असलं तर आत घ्यायचे, नाहीतर घरी परत. त्यांना बदली म्हणत. तुझे आजोबा बदलीच राहिले. कायम व्हायच्या आधी गिरणीच बंद पडली."

गार्गीने मान डोलावली. मी बोलत होते ते मला शेजारच्या वर्गातून भिंतीपलीकडून यावं तसं ऐकू येत होतं. कोणी बाई शिकवताहेत, चांगलं शिकवताहेत, आवाजही ओळखीचा आहे, इतकंच.

हे हॉलमध्ये सतरंजीवर होते. रात्री छातीत दुखलं, सुबोध अंधेरीहून गाडी घेऊन आला, हॉस्पिटल गाठलं, आणि पहाटे डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं. सकाळी घरी आणलं. डोक्याशी दिवा होता, त्याची वात रुचिरा, माझी सून, मधूनमधून सारखी करत होती. मला एकच गोष्ट दिसत होती. ह्यांच्या डाव्या कानामागे साबणाचा फेस वाळून राहिला होता. आदल्या दिवशी दाढी केली तेव्हाचा असेल.

आम्ही मूळचे विक्रोळीचे. तिथल्या आमच्या चाळी पाडल्या आहेत आणि टॉवर उभा राहतोय. तोवर जो तो भाड्याच्या घरात गेला. कोणी भांडुपला, कोणी घाटकोपरला, ह्यांचा जिवाभावाचा नंदू मुलाकडे बोरिवलीला, आणि आम्ही मुलुंडला ह्या पाचव्या मजल्यावर. इथे आम्हाला कोणी ओळखत नाही. चाळीचा म्हणून एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तेवढीच आता आमची चाळ. ह्या ग्रुपवर हे होते, मी नव्हते. रात्री जेवताना मला सगळं वाचून दाखवायचे.

चाळीत ह्यांना धोंडिराम म्हणून कोणी ओळखत नव्हतं. हे नाव त्यांना आवडत नसे. दारावर पाटी होती ती माझी, 'जयंती साटम, शिक्षिका'. नोकरीत लागले ती माहेरच्या नावाने, आणि मुलांच्या तोंडी साटमबाई बसलं ते बसलंच. मी चारचौघांत ह्यांना 'हे' म्हणत आले. बाकी सगळ्यांना ते बदली. पोरांना बदलीकाका. एकदा चाळीत नवीन आलेल्या सूनबाईंनी मला हळदीकुंकवाला 'या ना बदलीकाकू' म्हटलं होतं. त्यांना वाटलं आडनावच आहे.

नाव गिरणीतलं, पण चिकटलं ते स्वभावामुळे. कॅरमला चौथा हवा, बदली. भजनाला टाळ धरणारा आला नाही, बदली. कोणाच्या आईला दवाखान्यात न्यायचंय आणि मुलगा ऑफिसात अडकलाय, बदली. दत्तारामभाऊंना लेकीच्या शाळेत पालकसभेला जमलं नाही तेव्हा हे जाऊन बसले होते आणि त्या मुलीच्या गणिताबद्दल बोलणी खाऊन आले होते. आणि चाळीत कोणी गेलं की खांद्याला हे असायचेच. दरवेळी, पहिल्या चौघांत.

असे कुठूनही परत आले की माझ्यासाठी एक नाव घेऊन यायचे. हा आमच्या घरातला रिवाज. पहिलीतल्या मुलांना पुस्तकातलं 'कमळ, नमन' वाचायचा कंटाळा येतो. पण गमतीची पाटी असली की अडखळत का होईना वाचतातच. म्हणून मी एकदा ह्यांना म्हटलं होतं, फिरताच आहात सगळीकडे, तर नावं बघत जा. मग चप्पल काढायच्या आत मी विचारायची, "नाव?" आणि हे सांगायचे. घाटकोपरला एका गल्लीत 'उद्या टेलर्स'. बोरिवलीला एका सोसायटीचं नाव 'अखेर'. इथे मुलुंडलाच समोरासमोर दोन बंगले, एक 'सासर' आणि एक 'माहेर', आणि मधे रस्ता खणून ठेवलेला. कोणाच्यातरी लग्नाला बदली म्हणून कोकणात गेले, तिथे महामार्गावरच्या खाणावळीचं नाव 'दुसरा नंबर'. मालकाला विचारलं तर म्हणाला, पहिला नंबर समोर होता, तो बंद पडला, आता नाव कशाला बदलू. एका बँकेत रविवार नावाचा शिपाई भेटला. सोमवारी जन्मलेला. वडिलांना नोंदवायला सवड मिळेपर्यंत रविवार उजाडला होता.

नियम एकच होता. नाव सांगितलं की कुठे मिळालं तेही सांगायचं, नाहीतर धरणार नाही. मनाने रचलेलं चालायचं नाही.

सकाळी हॉस्पिटलमधून परत येताना शववाहिनीच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या जात होत्या. मी सगळ्या वाचल्या. एकही लक्षात राहिली नाही.

बारा वाजले. कोणी आलं नाही.

शेजारच्या गुजराती बाईंनी थर्मासमधून चहा आणला. मी कप हातात घेतला आणि प्यायले. गोड होता की फिका, ते मला सांगता आलं नसतं. त्यांचे यजमान दारात उभे होते, कमरेला पट्टा बांधून. "मारुं तो ऑपरेशन थयुं छे, बेन," ते ओशाळून म्हणाले. मी मान हलवली.

एक वाजला. सुबोधच्या ऑफिसातला सम्यक आला. तो आणि सुबोध, दोघं. दुपारच्या वेळी बिल्डिंगमध्ये बाकी बायका आणि म्हातारी माणसं.

"मेसेज नीट गेला का रे?" रुचिराने विचारलं.

"गेला ना. माझ्याकडे चाळीतल्या कोणाचे नंबर नाहीत, फक्त राजेशचा आहे, कागदपत्रांमुळे. त्याने लगेच ग्रुपवर फॉरवर्ड केला."

राजेश हा आमच्या सोसायटीचा नवा सेक्रेटरी. पलीकडच्या चाळीतला, तरुण. कागद सगळे माझ्या नावावर, चाळी तीन आणि परब घरं सात-आठ, त्यातला सुबोध कोणाचा हे त्याला कुठून माहीत असणार?

ह्यांचा फोन फळीवर होता आणि सकाळपासून गुरगुरत होता. कोणी हात लावला नव्हता. मधे दोनदा वाजूनही थांबला. मला वाटलं, माणसं हळहळताहेत. वाटलं म्हणजे मनात आलं आणि गेलं.

अडीच वाजता शववाहिनीचा ड्रायव्हर वर आला. त्याने जिना बघितला, लिफ्ट बघितली, जिभेने टाळूवर आवाज काढला.

"लिफ्टमध्ये मावणार नाही. पाच माळे चालत उतरवायचं. तुमची माणसं किती?"

"दोघं," सुबोध म्हणाला.

"मग स्ट्रेचर लावतो. मी आणि माझा पोरगा घेतो पुढून, तुम्ही मागून. पट्टा मारला की हलत नाय. मला पुढे अजून एक आहे, म्हणून सांगतो."

सुबोध माझ्यासमोर उकिडवा बसला. "आई, ऐकलंस ना? स्ट्रेचरवरून नेऊ या. आजकाल सगळे तसंच नेतात."

"नाही."

"अगं पण माणसं नाहीत."

"खांद्यावरूनच जातील," मी म्हणाले. "तिरडी बांध. चार जण मिळाले की न्या."

"आणि नाही मिळाले तर?"

 मला राग आला नव्हता, रडू येत नव्हतं. ह्या एका गोष्टीपलीकडे मला काही हवंही नव्हतं. दिसायचं ते एवढंच, की चाळीच्या अरुंद जिन्यावरून किती जणांना ह्यांनी उतरवलं. वळणावर पुढचा खांदा खाली घ्यायचा आणि मागचा वर, हे ते नवख्यांना ओरडून सांगायचे. आता ह्यांना पट्टा मारून उतरवायचं.

सुबोध उठला. "साडेतीनपर्यंत थांबतो," तो ड्रायव्हरला म्हणाला. ड्रायव्हर खाली गेला.

तेवढ्यात ह्यांचा फोन पुन्हा वाजला. मी फळीजवळच बसले होते. घेतला.

"बदल्या! खंय आसस रे? सकाळपासून फोन करतंय, उचलूक काय झाला?"

नंदूभाऊजी. मागे मोठ्याने टीव्ही चालू होता.

"अरे ग्रुपावर बघितलंस मां? कोण तरी धोंडिराम परब गेलो. तीन नंबर चाळीतलो असतलो. माका काय तोंड आठवना नाय. पत्तो मुलुंडचो, तुझ्याच बाजूचो. बोरिवलीसून माका काय येवक जमाचा नाय, गुडघे बघतंस ना माझे. तू जा आमच्यातर्फे. खांदो दी, आणि सगळ्यांच्या नावान एक हार घाल."

"भाऊजी, मी बोलतेय."

"वहिनी? बरा बरा. बदली खंय गेलो?"

मी हॉलकडे बघितलं. "ते तिथेच आहेत."

"काय सांगतास! पोचलो पण?" ते हसले. खूश होऊन हसले. "बघा! मी सकाळीच ग्रुपावर लिवलंय, बदली मुलुंडाकच आसा, तो जातलो, बाकीच्यांनी धावपळ करू नये. सगळ्यांनी आंगठे दिले. मी दत्तारामाक म्हटलंय, तुझ्या डोळ्याचा ऑपरेशन कालच झाला, तू कशाक मरतंस, आपलो बदली आसा ना!"

मी ऐकत राहिले. तेव्हा मला कळलं, कोणी का आलं नाही. कळलं म्हणजे गणित सुटावं तसं कळलं. उत्तर आलं, खाली दोन रेघा मारल्या.

"भाऊजी," मी म्हणाले, "टीव्ही बंद करा आणि नीट ऐका."

टीव्ही बंद झाला.

पहिल्या बाकावरच्या, पण सगळ्यात उशिरा कळणाऱ्या मुलाला सांगावं तसं मी एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "तुमचा जो बदली आहे ना, त्याचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव धोंडिराम. आडनाव परब. तो मेसेज सुबोधने लिहिला आहे. कळलं का?"

 पलीकडून भाऊजींचा श्वास ऐकू आला, जिना चढून आल्यासारखा.

"नाय," ते म्हणाले.

"हो."

"वहिनी, माका चाळीस वर्षांत... तेका कधी मी विचारूक नाय."

"त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं."

"कोण आसा थंय? माणसा किती?"

"दोघं."

भाऊजींनी एक मालवणी शिवी दिली. कोणाला दिली ते कळलं नाही. मग म्हणाले, "वहिनी, नेव नको. थांबवा तेका. मी येतंय."

"साडेतीनला न्यायचं आहे, भाऊजी."

"थांबवा म्हणतंय ना!" आणि फोन बंद झाला.

गार्गी माझ्याजवळ येऊन बसली. आजोबांच्या फोनचं कुलूप तिला येतं. तिने ग्रुप उघडला आणि सवयीने वाचायला लागली. सकाळचा सुबोधचा मेसेज. त्याखाली हात जोडलेले, हात जोडलेले, 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'आत्म्यास शांती लाभो'. मग नंदूभाऊजींचं, 'बदली जाईल. कोणी धावपळ करू नका.' त्याखाली अंगठे. कोणी लिहिलं होतं, 'बदली झकास माणूस. आमच्यातर्फे पण.' कोणी, 'बदल्या, घाईत नाव विसरू नकोस, बाईंना सांगायचंय.' त्याखाली हसणारे चेहरे.

"आता बघ आजी," गार्गी म्हणाली. "काहीतरी होतंय."

एकेक अंगठा नाहीसा होत होता. जिथे अक्षरं होती तिथे येत होतं, 'हा मेसेज डिलीट केला आहे.' खाली पुन्हा, 'हा मेसेज डिलीट केला आहे.' गार्गीने प्रत्येक वेळी ते पूर्ण वाक्य वाचलं. मी तिला थांबवलं नाही. शेवटी राजेशचं नवीन वाक्य आलं: 'आपले बदलीकाका गेले.'

त्यानंतर फोन इतका वाजायला लागला की रुचिराने तो घेऊन आतल्या खोलीत गादीखाली ठेवला.

साडेतीन झाले. ड्रायव्हरने खालून हॉर्न दिला. सुबोधने तिरडी बांधून घेतली होती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि खाली जाऊन ड्रायव्हरशी वाद घातला. काय बोलला ते कळलं नाही. गाडी थांबली.

दहा-बारा मिनिटांनी दारात एक मुलगा आला. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"साटमबाई इथेच ना? मी विद्याधर. नंदूकाकांच्या मुलाच्या ऑफिसात आहे, आमची ब्रँच इथे मुलुंडला आहे. काका रिक्षात आहेत, पण पवईला अडकलेत. मला म्हणाले, माझ्या बदली तू जा."

मग एक जाडसर माणूस आला, हेल्मेट हातात. "तुमच्या चाळीतल्या वनमालाबाईंनी पाठवलं. भांडुपला मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. त्या निघाल्यात रिक्षाने, पण खांद्याला माणूस आधी पोचला पाहिजे म्हणाल्या." आणि त्यांच्या मागोमाग एक दाढीवाला उंच तरुण, घामाने भिजलेला. "दत्तारामकाकांच्या बिल्डिंगमधला मी. काकांनी सरळ दार वाजवलं आणि म्हणाले, माझ्या बदली जा, आत्ता, बाइक काढ."

तिघांनी ह्यांच्या पायांना हात लावला. तिघांनाही हे कोण ते माहीत नव्हतं. ह्यांनीही ओळखीपाळखीशिवाय कितीतरी जणांना खांदा दिला होता, कोणाच्यातरी वतीने. तेव्हा मी त्यांना म्हणायची, ओळख ना पाळख, तुम्हाला वाईट तरी कसं वाटतं हो? ते म्हणायचे, मी वाईट वाटायला जात नाही गं, वजन घ्यायला जातो.

शेवटी राजेश आला, हातात मोठा हार. त्याला माझ्याकडे बघवेना. "बाई, मला काय माहीत... मी लहानपणापासून बदलीकाकाच..." मी त्याला म्हटलं, "हार घाल बाळा, उशीर होतोय."

सुबोध आणि विद्याधर पुढे, दाढीवाला आणि हेल्मेटवाले मागे. सम्यकने मडकं धरलं होतं ते सुबोधने खाली उतरल्यावर घ्यायचं ठरलं. मी दारापर्यंत गेले. जिन्याच्या पहिल्या वळणावर तिरडी अडली. चौघांनाही कळेना.

"पुढचा खांदा खाली," मी वरून म्हणाले. "मागचा वर घ्या. आता वळा."

ते वळले. मग पावलं ऐकू येत राहिली, खाली, आणखी खाली. मी दार लावलं नाही.

संध्याकाळी सुबोध परत आला. दारातच पायांवर पाणी घेतलं. म्हणाला, "आई, तिथे सगळे होते. दत्तारामकाका डोळ्याला हिरवी पट्टी लावून गेटवरच उभे होते, परस्पर आले. नंदूकाका पोचले तेव्हा अग्नी दिला होता. कट्ट्यावर बसलेत ते अजून. उठायला तयार नाहीत. राजेश थांबलाय त्यांच्याबरोबर."

"बरं," मी म्हणाले.

वनमालाबाई माझ्या शेजारी बसून होत्या, माझा हात हातात घेऊन. हात त्यांच्याकडे होता, मी नव्हते. शेजारच्या गुजराती बाईंनी खिचडी आणली. रुचिराने ताटल्या मांडल्या.

गार्गी माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या मनात काहीतरी होतं. मुलांच्या मनात असलं की ती पायाचा अंगठा जमिनीवर घासतात, हे मला वर्गात कळायचं.

"बोल," मी म्हटलं.

"आज बोललं तर चालेल?"

"बोल तर खरी."

"त्या दाढीवाल्या काकांना मी विचारलं, तुमचं नाव काय. ते जिन्यात बूट काढत होते तेव्हा." ती थांबली. "शतक. शतक भोईर. त्यांच्या बाबांनी मॅचमध्ये शंभर रन केले त्या दिवशी ते झाले. आणि आजी, त्यांच्या धाकट्या भावाचं नाव नाबाद आहे."

वनमालाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू दाबायला की रडू, ते मी बघितलं नाही. रुचिरा "गार्गी!" म्हणाली. मी हाताने तिला थांबवलं.

"कुठे मिळालं?" मी विचारलं.

"आपल्याच दारात," गार्गी म्हणाली. "आजोबांना न्यायला आले होते."

"मग धरलं," मी म्हणाले.

रुचिराने माझ्या हातात ताटली दिली. मी घास घेतला. खिचडीत मीठ कमी होतं. मी रुचिराकडे मीठ मागितलं.